माप जुळले की जुने चालते

मूर्तिजापूरचे नाव निघाले की जुन्या वऱ्हाडी माणसाला 'शकुंतला' आठवतेच. यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणारी ही अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची छोटी गाडी. इथला कापूस मोठ्या लाइनपर्यंत आणायचा आणि मुंबईहून पुढे मँचेस्टरला धाडायचा, हा तिचा मूळ उद्देश. गंमत अशी, की तिला ओढणारे वाफेचे इंजिनही 1921 साली मँचेस्टरलाच तयार झालेले. सुमारे सत्तर वर्षे राबून 1994 साली ते थांबले आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. रूळ तेच, स्टेशने तीच, बदलला तो फक्त ओढणारा. दोन रुळांमधले माप कायम होते, म्हणून हे जमले.

परवा अमरावतीला भाचीचा दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप उघडला, तेव्हा मला ही शकुंतलाच आठवली. बटण दाबून चहा ठेवावा, तो पिऊन व्हावा, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. परीक्षा तोंडावर आणि नवा घ्यायची ऐपत नाही. अकोल्याच्या नातलगांकडे पडदा फुटलेला एक लॅपटॉप भंगारात निघाला होता. त्यातली एसएसडी काढून हिच्यात बसवायची ठरली.

या साठवणुकीच्या पेटीचा इतिहास मोठा रंजक आहे. आयबीएम कंपनीने 1956 साली पहिली हार्ड डिस्क आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या 50 तबकड्या, वजन टनभर आणि साठवण अवघी 50 लाख अक्षरांची. आज मोबाइलमधल्या एका फोटोलाही तेवढी जागा लागते. पुढे तबकड्या आकसत गेल्या आणि 1988च्या सुमारास अडीच इंची डिस्क आली. लॅपटॉपमध्ये हेच माप रुळले. त्याआधी वर्षभर, 1987 साली, जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका आणि सहकाऱ्यांनी नँड फ्लॅश ही चिप जगापुढे मांडली. एसएसडी त्याच चिपवर चालते.

फरक कशात आहे? लॅपटॉपची जुनी डिस्क मिनिटाला बहुधा 5400 फेरे घेते. एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद लागतात, आणि हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत प्रोसेसर खोळंबतो. चिपमध्ये फिरणारे काही नाही, त्यामुळे वाट पाहणेही नाही. म्हणजे भाचीचा लॅपटॉप म्हातारा झाला नव्हता, त्याचे कोठार हळू होते.

2003 पासून 'साटा' ही जोडणी बाजारात आली आणि पुढे घरोघर पोहोचली. दोन्ही लॅपटॉप वेगवेगळ्या कंपन्यांचे, पण माप अडीच इंची आणि जोडणी साटाची. चार स्क्रू काढले, चार लावले. एसएसडी थोडी पातळ होती, म्हणून खाली पुठ्ठ्याची पट्टी दिली. आता लॅपटॉप अर्ध्या मिनिटात सुरू होतो.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागल्या. भाचीच्या नोट्स आणि फोटो आधी दुसरीकडे उतरवून घेतले. नातलगांची कागदपत्रेही त्यांच्या ताब्यात देऊन मगच एसएसडी कोरी केली. भंगारातल्या वस्तूत कुणाच्या तरी घरची गुपिते असतात. शिवाय चिपचे आयुष्यही मोजके असते. ती किती झिजली आहे हे दाखवणारे मोफत प्रोग्राम मिळतात, ते चालवून पाहिल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये.

आता अनेक नव्या पातळ लॅपटॉपमध्ये ही साठवण मूळ बोर्डावरच डाख देऊन पक्की केलेली असते. ती काढता येत नाही, दुसऱ्याची लावता येत नाही. केंद्र सरकारने 2022 साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, ती अशाच प्रश्नांमुळे. शकुंतला थांबली, पण एकदा तरी तिला नवे इंजिन मिळाले. वस्तू घेताना दुकानदाराला एवढे जरूर विचारावे : बाबा रे, हिचे इंजिन बदलता येईल ना?