घरातली वायर गोठ्यापर्यंत ओढताय? भिंतीबाहेर केबल बदला, नाहीतर पत्र्यात करंट उतरेल

पाथर्डी : घरातल्या बोर्डातून एक वायर काढायची, खिडकीतून बाहेर घ्यायची, पत्र्यावरून गोठ्यात नेऊन बल्ब लावायचा. वाड्या-वस्त्यांवर हे नेहमीचेच. उन्हाळाभर अशी वायर काहीच त्रास देत नाही. पण मोठा पाऊस झाला की तीच जीवावर उठते. ओल्या पत्र्याला हात लावणारा माणूस किंवा लोखंडी खुंट्याला बांधलेली गाय, दोघांनाही काही कळायच्या आत शॉक बसतो. म्हणून घरातली वायर कुठे संपवायची आणि बाहेरची केबल कुठून सुरू करायची, हे प्रत्येकाला माहीत हवे.

घरातली वायर बाहेर का चालत नाही?

घरात वापरतात ती एकेरी वायर (आयएस ६९४) तांब्यावर पीव्हीसीचा एकच थर असलेली असते. ती भिंतीतल्या पाईपात किंवा पट्टीत, कोरड्या जागी राहण्यासाठी बनवलेली आहे. बाहेर उन्हाने हा थर कडक होतो आणि त्याला चिरा पडतात. वाऱ्याने पत्र्याच्या धारेवर घासून तो कापला जातो, उंदीरही कुरतडतात. चिरेतून पाणी आत गेले की करंट पत्र्यात उतरतो.

नुसत्या पाईपात घातली म्हणजे वायर सुरक्षित झाली, असेही नाही. बाहेरच्या पाईपात पाणी शिरते, सखल भागात साचते आणि वायर त्यातच पडून राहते.

बाहेर कोणती केबल घ्यावी?

जमिनीतून न्यायची असेल तर आर्मर्ड केबल घ्यावी. तिच्या आतल्या वायरींवर पोलादी पट्ट्यांचे किंवा तारांचे चिलखत असते आणि त्यावर पुन्हा जाड आवरण. पीव्हीसीची असेल तर आयएस १५५४, एक्सएलपीईची असेल तर आयएस ७०९८ हा क्रमांक आणि आयएसआय मार्क पाहून घ्यावा. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग मिळून तीन कोअरची केबल घेणे चांगले. किती जाडीची, हे लोड आणि अंतर पाहून वायरमनला ठरवू द्यावे.

चर साधारण अडीच फूट खोल घ्यावा. खाली-वर वाळू आणि त्यावर विटा टाकाव्यात, म्हणजे पुढे कुदळ लागली तरी आधी विटेला लागेल. ट्रॅक्टरची वाट आडवी येत असेल तिथे केबल जाड पाईपातून घ्यावी.

वरून न्यायची असेल तर उन्हापावसाला टिकणारी सर्व्हिस वायर घ्यावी. ताण वायरवर येऊ देऊ नये. वेगळी जीआय तार ओढून तिला वायर बांधावी. कडब्याची भरलेली ट्रॉली खालून जाईल इतकी उंची ठेवावी. या तारेवर कपडे कधीच वाळत घालू नयेत.

जोड कुठे द्यायचा?

सगळ्यात जास्त चूक इथेच होते. दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळली, तर उन्हात टेपचा चिकटा सुटतो आणि पाणी आत जाते.

घरातली वायर भिंतीवरच्या बंद बॉक्समध्ये संपवावी. बॉक्स बाहेरच्या बाजूला असेल तर आयपी ५५ किंवा आयपी ६५ लिहिलेला घ्यावा. यातला पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी असतो. बाहेरची केबल बॉक्सच्या खालच्या बाजूने, ग्लँड बसवून आत घ्यावी. आत शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. भिंतीतले भोक बाहेरच्या बाजूला उतरते ठेवावे. जोड स्क्रूच्या कनेक्टरमध्ये द्यावा. तांबे आणि अॅल्युमिनियम थेट पिळू नये, तो जोड गंजून गरम होतो. त्यासाठी दोन्ही धातूंना चालणारा कनेक्टर मिळतो.

एमसीबी आहे, मग आरसीसीबी कशाला?

एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. ६ अँपिअर म्हणजे ६,००० मिलीअँपिअर. माणसाच्या जीवाला मात्र ३० मिलीअँपिअरच्या वरचा करंटही धोक्याचा असतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी फेजने गेलेला आणि न्यूट्रलने परत आलेला करंट ताडून पाहतो. फरक पडला की क्षणात लाईन तोडतो. बाहेरच्या लाईनला एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही हवेत. आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

काही ठिकाणी अर्थिंगलाच न्यूट्रल करून बल्ब चालवतात. असे केले की आरसीसीबी सारखा पडतो, मग लोक तोच काढून टाकतात. दोष आरसीसीबीचा नसतो, जोडणीचा असतो.

केबलचे चिलखत, लोखंडी खांब आणि गोठ्याचा पत्रा अर्थिंगला जोडावा. मुरमाड, खडकाळ जमिनीत अर्थिंग लवकर कोरडे पडते. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी टाकत राहावे.

जनावरांना धोका जास्त का?

जनावराच्या पुढच्या आणि मागच्या पायांतले अंतर माणसाच्या पावलापेक्षा जास्त असते, आणि उभे असते ते मूत-शेणाने ओल्या जमिनीवर. जमिनीत करंट उतरला तर तो एका पायातून चढून छातीतून दुसऱ्या पायात उतरतो. म्हणून गोठ्यातले बोर्ड आणि वायर जनावराच्या तोंडाला, शिंगाला लागणार नाहीत इतक्या उंच ठेवावेत.

ऊसतोडीला जाताना

कोयता घेऊन गावाबाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी गोठ्याच्या लाईनचा एमसीबी पाडून जावे. परत आल्यावर केबल कुरतडली आहे का, बॉक्समध्ये पाणी-मुंग्या आहेत का हे पाहावे आणि मगच लाईट चालू करावी.

शॉक लागला तर

आधी मेन स्विच पाडावा. चिकटलेल्या माणसाला हात लावू नये. स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडाने वायर बाजूला करावी आणि १०८ वर फोन करावा. खांबावरची तार तुटली असेल तर जवळ न जाता महावितरणला १९१२ वर कळवावे.

मीटरच्या अलीकडची लाईन महावितरणची असते, तिला हात लावू नये. पलीकडचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे आणि ते पावसाळ्याआधी उरकावे.