रॅकेटचा आकार आणि खेळणाराचा हात



वेसाव्याहून होडीनें मढला उतरलें कीं वाळत घातलेलीं जाळीं दृष्टीस पडतात. त्यांतील डोल जाळ्याचे आस तोंडाशीं मोठे असतात आणि शेवटाकडे बारीक होत जातात. मासळी कोणती धरावयाची हें ठरल्यावांचून येथें कोणी जाळें घेऊन समुद्रांत जात नाहीं. या गांवीं राहूनही ही साधी गोष्ट मी विसरलों. माझा नातू स्क्वॉश शिकूं लागला, तेव्हां "हिच्यांत जोर अधिक" असें सांगून दुकानदारानें पुढें केलेली रॅकेट मीं पेन्शनच्या पैशांतून घेऊन दिली. मुलाचा हात मूळचाच जोरकस. चेंडू समोरच्या भिंतीवरील वरच्या रेषेच्याही वर जाऊं लागला. दोन महिन्यांनीं तो म्हणाला, "आजोबा, मला हा खेळ जमायचा नाहीं." तें ऐकून मला वाईट वाटलें, आणि रॅकेटच्या आकाराचा इतिहास मीं पाहूं लागलों.

हा खेळ इंग्लंडांतील हॅरो येथील शाळेंत इ. स. १८३० च्या सुमारास निघाला. भोंक पडलेला चेंडू भिंतीवर आपटला कीं चेपतो, आणि मग त्याला गांठण्यासाठीं अधिक धांवावें लागतें, यांत मुलांना मौज वाटली. पुढें इंग्रज अंमलदारांच्या क्लबांतून तो आपल्याकडे आला. पुष्कळ वर्षें रॅकेट लांकडी व गोलसर तोंडाची असे. लांबी २७ इंच. जाळी फार तर ८.५ इंच लांब व ७.२५ इंच रुंद. आकार निवडण्याचा प्रश्नच नव्हता; हातानेंच रॅकेटशीं जुळवून घ्यावें, अशी स्थिति होती.

त्या काळांतील एक प्रकरण मुंबईचेंच आहे. १९४४ सालीं येथें झालेली अखिल भारतीय स्पर्धा पेशावरच्या हाशिम खान यांनीं जिंकली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या क्लबांत लहानपणीं चेंडू वेंचून देणारे हे गृहस्थ. आपले दूरचे नातलग अब्दुल बारी यांना त्यांनीं मुंबईच्या सामन्यांत अनेकदां हरविलें. फाळणीनंतर बारी भारतांतच राहिले आणि १९५० सालीं ब्रिटिश ओपनच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचले. तेथें ईजिप्तच्या महमूद करीम यांनीं त्यांचा पराभव केला. ही वार्ता ऐकून हाशिम जिद्दीस पेटले. १९५१ सालीं त्यांनीं त्याच करीमना ९-५, ९-०, ९-० असें हरवून तें विजेतेपद मिळविलें. रॅकेटी तिघांच्याही लांकडीच. अंतर पडलें तें पायांच्या चपळाईनें आणि नजरेनें.

१९८० नंतर नियम सैल झाले, ग्राफाइटच्या हलक्या रॅकेटी आल्या, आणि १९९० नंतर थेंबाच्या आकाराची, उघड्या गळ्याची रॅकेट सर्वत्र पसरली. जुन्या जाळीचें क्षेत्रफळ हिशेब केल्यास सुमारें ३१० चौरस सेंटिमीटर भरतें. आज ५०० पर्यंत मुभा आहे. लांबीची मर्यादा मात्र ६८६ मिलिमीटर, म्हणजे तेच २७ इंच.

उघड्या गळ्याच्या रॅकेटच्या उभ्या तांती मुठीच्या दिशेनें खालपर्यंत जातात. लांब तांत अधिक लवते आणि चेंडू जोरानें परत फेंकते. फटका थोडा मध्याबाहेर लागला तरी निभावतें. ज्याचा हात आंखूड फिरतो, किंवा जो नवशिका आहे, त्याला ही सोयीची. बंद गळ्याच्या रॅकेटींत गळ्याशीं आडवी पट्टी असते. तांती आंखूड, म्हणून जाळी ताठ. जोर आपल्या हाताचा लावावा लागतो, परंतु चेंडू योजिल्या जागीं जातो. पूर्ण हात फिरविणारास आणि भिंतीशीं हळूच चेंडू टाकणारास ती मानवते.

माझ्या नातवाला जोर मुळांतच होता. उणीव होती ती ताब्याची, आणि मीं विकत आणला पुन्हां जोरच! शेवटीं एका वडील खेळाडूची जुनी, बंद गळ्याची रॅकेट त्यानें मागून घेतली. आतां चेंडू रेषेखालीं राहतो. सामने तो अजून हरतो. पण 'जमायचें नाहीं' हे शब्द पुन्हां त्याच्या तोंडून निघाले नाहींत.

म्हणून पालकांना माझी विनंति एवढीच, कीं दुकानांत जाण्यापूर्वीं दोन्ही आकारांच्या रॅकेटी उसन्या घेऊन मुलाला चार दिवस खेळूं द्यावें, आणि चेंडू कोठें जातो तें कडेला बसून पाहावें.