टीव्हीसाठी स्ट्रीमिंग स्टिक किंवा बॉक्स घेताय? खरेदीआधी या गोष्टी तपासा

मोबाईलवर ओटीटी बघायची सवय आपल्या सगळ्यांना लागली आहे. पण आईला मालिका आणि बाबांना मॅच मोठ्या पडद्यावरच हवी असते. घरातला टीव्ही साधा एलईडी असेल, किंवा स्मार्ट असूनही अ‍ॅप उघडायला दोन-दोन मिनिटं घेत असेल, तर घरात लगेच नवीन टीव्हीचा विषय निघतो. बऱ्याचदा त्याची गरज नसते. पॅनल चांगलं असेल, तर काही हजारांची स्ट्रीमिंग स्टिक त्याच टीव्हीला आणखी काही वर्षं चालवू शकते.

अट एकच, स्टिक योग्य निवडायला हवी. माझी पहिली निवड चुकली होती. १,८०० रुपयांचा, '८के' असं स्टिकर लावलेला एक बॉक्स मी ऑनलाइन मागवला. त्यावर नेटफ्लिक्सचं चित्र धुरकट दिसायचं, रिमोटवर माउसचं बटण दाबून बाण सरकवावा लागायचा, आणि आईने तर दोन दिवसांत रिमोट हातात घेणंच सोडून दिलं. ते पैसे वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून नेमकं काय बघायचं ते क्रमाने सांगतो.

स्ट्रीमिंग डिव्हाइस म्हणजे नेमकं काय?

हा एक छोटा कॉम्प्युटरच असतो. तो टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लागतो, वाय-फायवरून व्हिडिओ ओढतो आणि टीव्हीला चित्र-आवाज देतो. टीव्ही फक्त पडद्याचं काम करतो. म्हणूनच टीव्हीचा प्रोसेसर कितीही जुना असला तरी फरक पडत नाही.

इथे दोन शब्दांची गल्लत होते. मिररिंगमध्ये फोनची स्क्रीन जशीच्या तशी टीव्हीवर जाते, त्यामुळे फोन अडकून राहतो आणि बॅटरी संपते. अनेक पेड अ‍ॅप तर मिररिंगमध्ये व्हिडिओच्या जागी काळी स्क्रीन दाखवतात. कास्टिंगमध्ये फोन फक्त 'हे लाव' असा आदेश देतो आणि व्हिडिओ टीव्हीला लावलेलं डिव्हाइस स्वतः ओढतं. पण फक्त कास्टिंगच्या भरवशावर राहू नका. नेटफ्लिक्सने २०२५ च्या अखेरीस रिमोट असलेल्या बहुतेक टीव्ही आणि डिव्हाइसवर मोबाईलमधून कास्ट करण्याची सोय बंद केली. त्यामुळे स्वतःचा रिमोट आणि स्वतःची अ‍ॅप असलेलं डिव्हाइसच घ्या.

पायरी १ : आधी प्लॅन बघा

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. स्टिक घरी येते, जोडली जाते, आणि मग कळतं की आपला प्लॅन फक्त मोबाईलचा आहे. नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१ मध्ये भारतातले दर कमी केले तेव्हा मोबाईल प्लॅन १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९ आणि प्रीमियम ६४९ रुपये असा झाला. यातला मोबाईल प्लॅन टीव्हीवर चालत नाही. बेसिकमध्ये ७२०पी, स्टँडर्डमध्ये १०८०पी आणि ४के फक्त प्रीमियममध्ये मिळतं. जिओहॉटस्टारचाही मोबाईलपुरता वेगळा प्लॅन आहे. रिचार्जसोबत फुकट मिळणारी सबस्क्रिप्शनही बऱ्याचदा मोबाईलपुरतीच असतात, तेव्हा आपला पॅक नीट वाचा.

दुसरं म्हणजे घरच्यांना नक्की काय बघायचंय याची यादी करा. झी मराठी हवं तर झी५, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी हवं तर जिओहॉटस्टार, सोनी मराठी हवं तर सोनी लिव्ह. प्रसार भारतीचं वेव्ह्ज हे अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या इफ्फी महोत्सवात सुरू झालं. अल्ट्रा झकाससारखी फक्त मराठीसाठी असलेली अ‍ॅपही आहेत. मोठी अ‍ॅप बहुतेक सगळीकडे मिळतात. छोट्या अ‍ॅपचं मात्र ज्या डिव्हाइसचा विचार करताय, त्याच्याच स्टोअरमध्ये नाव शोधून खात्री करा.

पायरी २ : टीव्हीची मागची बाजू बघा

टीव्हीच्या मागे एचडीएमआय पोर्ट आहे का? असेल, तर सेट-टॉप बॉक्स लावल्यावर एक तरी मोकळा राहतो का? जुन्या डबा टीव्हीला फक्त लाल-पांढरी-पिवळी पिन असते. त्याला एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर लावता येतो, पण अक्षरं पुसट दिसतात आणि मेनू वाचताना त्रास होतो.

आता रिझोल्यूशन. ३२ इंची बरेच टीव्ही 'एचडी रेडी' असतात, म्हणजे पडदा १३६६ × ७६८ पिक्सेलचा. अशा टीव्हीला ४के स्टिक लावून चित्र ४के होणार नाही. टीव्ही ४के असेल तर स्टिक अशाच पोर्टला लावा, जो एचडीसीपी २.२ सपोर्ट करतो. एचडीसीपी म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप. ते जुळलं नाही तर ४के टीव्हीवरही चित्र खालच्या दर्जाचं येतं. काही टीव्हींमध्ये सगळे पोर्ट सारखे नसतात, म्हणून मॅन्युअल बघा.

आणि वीज! स्टिक टीव्हीच्याच यूएसबी पोर्टवर चालवायचा मोह होतो. पण साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ०.५ अँपिअर, म्हणजे अडीच वॉट वीज मिळते. स्टिकला त्यापेक्षा जास्त लागते. मग ती मध्येच रीस्टार्ट होते आणि आपण स्टिकलाच दोष देतो. सोबत आलेलाच अ‍ॅडॉप्टर वापरा.

पायरी ३ : इंटरनेटचा हिशोब

नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार ७२०पीसाठी ३, १०८०पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस वेग लागतो. म्हणजे ३० एमबीपीएसचं ब्रॉडबँड एका टीव्हीला सहज पुरतं. अडचण येते ती मोबाईल हॉटस्पॉटवर. एचडीमध्ये तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४केमध्ये ७ जीबीपर्यंत डेटा जातो. रोज २ जीबीचा पॅक असेल, तर एचडीमध्ये चाळीसेक मिनिटांतच तो संपेल. याच हिशोबाने साडेतीन तासांच्या टी-२० मॅचला १० जीबीच्या आसपास डेटा धरून चाला. गावी हॉटस्पॉटवरच बघायचं असेल तर अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये क्वालिटी कमी करा. साध्या एसडी क्वालिटीत तासाला १ जीबीपर्यंतच डेटा जातो.

राउटर एका खोलीत आणि टीव्ही दुसऱ्या खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय भिंतीपलीकडे कमजोर होतो. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतो, पण त्याचा वेग कमी असतो आणि शेजाऱ्यांच्या वाय-फायची गर्दीही तिथेच असते. म्हणून दोन्ही बँड चालणारंच डिव्हाइस घ्या.

पायरी ४ : बॉक्स घरात आधीच आहे का?

काही फायबर प्लॅनसोबत कंपनी स्वतःचा सेट-टॉप बॉक्स देते. एअरटेल आणि टाटा प्लेसारख्या डीटीएच कंपन्यांचे अँड्रॉइडवर चालणारे बॉक्सही आहेत. त्यात डिशचे चॅनल आणि ओटीटी एकाच रिमोटवर मिळतात. घरातल्या मोठ्यांसाठी ही मोठी सोय आहे, कारण 'आता इनपुट बदल' हे त्यांना रोज सांगावं लागत नाही. आपल्या कंपनीला एक फोन करून विचारा, कदाचित काही विकत घ्यावंच लागणार नाही.

पायरी ५ : सर्टिफाइड आहे का? हे सगळ्यात महत्त्वाचं

माझी चूक इथे झाली होती. त्या बॉक्सवर 'अँड्रॉइड' लिहिलेलं होतं, पण अँड्रॉइड आणि अँड्रॉइड टीव्ही वेगळे. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला आहे, तो घेऊन कुणीही बॉक्स बनवू शकतो. अशा बॉक्समध्ये मोबाईलची अ‍ॅप टीव्हीवर ताणून दाखवली जातात, म्हणूनच तो माउसचा बाण लागतो.

चित्र धुरकट का? पेड व्हिडिओ कुलूपबंद येतो आणि अँड्रॉइडवर हे कुलूप बहुधा गुगलचं वाइडवाइन असतं. त्याच्या एल१ पातळीत कुलूप प्रोसेसरच्या सुरक्षित भागात उघडतं. एल३ मध्ये ते नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतं, म्हणून नेटफ्लिक्ससारख्या कंपन्या एल३ डिव्हाइसला एसडी चित्रच देतात. खोक्यावर ४के लिहा की ८के, दिसणार ४८०पी.

धुरकट चित्र एक वेळ चालवून घेऊ, पण पुढचं जास्त गंभीर आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने 'बॅडबॉक्स २.०' बद्दल इशारा दिला. अशा स्वस्त बॉक्समध्ये विक्रीआधीच, किंवा सेटअपच्या वेळी टाकायला लावलेल्या अ‍ॅपमधून, घातक सॉफ्टवेअर शिरतं. मग तुमच्या घरचं इंटरनेट कनेक्शन तुमच्या नकळत गुन्हेगारांना आडोसा म्हणून वापरलं जातं. पुढच्याच महिन्यात गुगलने या टोळीविरुद्ध अमेरिकेत दावा दाखल केला आणि १ कोटीहून जास्त अनसर्टिफाइड डिव्हाइस बाधित असल्याचं सांगितलं. हे वाचल्यावर मी तो बॉक्स काढून टाकला आणि त्यात लॉगिन केलेल्या गुगल खात्याचा पासवर्ड बदलला.

ओळखायचं कसं? 'सगळे चॅनल फुकट', 'अनलॉक्ड' अशी जाहिरात, प्ले प्रोटेक्ट बंद करायला सांगणं, भलत्याच स्टोअरमधून अ‍ॅप टाकायला लावणं, ही धोक्याची लक्षणं. अँड्रॉइड टीव्हीच्या अधिकृत साइटवर भागीदार कंपन्यांची यादी आहे, त्यात ब्रँडचं नाव शोधा. मिळालं नाही तर तो बॉक्स घेऊच नका.

पायरी ६ : रॅम, स्टोरेज आणि अपडेट

१ जीबी रॅमच्या स्टिकवर एका अ‍ॅपमधून दुसऱ्यात जाताना अडखळतं. म्हणून मी २ जीबी रॅमचं मॉडेल सुचवतो. टीव्ही फुल एचडी असला तरीही ४के मॉडेल घ्यायला हरकत नाही. तिथे जास्तीचे पैसे ४के चित्रासाठी नाही, तर रॅमसाठी जातात. पण ४के नाव म्हणजे २ जीबी रॅम असंही गृहीत धरू नका, स्पेसिफिकेशन वाचा. स्टोरेज बऱ्याच स्टिकमध्ये ८ जीबी असतं आणि त्यातलं बरंचसं सिस्टिमच खाते. न लागणारी अ‍ॅप काढत राहा.

अपडेट का महत्त्वाचे? २०१५ सालचा दुसऱ्या पिढीचा क्रोमकास्ट मार्च २०२५ मध्ये जगभर अचानक बंद पडला, कारण त्याच्या आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची १० वर्षांची मुदत संपली होती. गुगलने काही दिवसांत अपडेट देऊन तो पुन्हा सुरू केला. नाव-गाव नसलेल्या ब्रँडच्या बॉक्सला असं झालं तर दाद कुणाकडे मागणार?

मग कुणी काय घ्यावं?

फायर टीव्ही स्टिक : रिमोट सोपा, सर्व्हिस बरी, मोठी अ‍ॅप सगळी आहेत. होम स्क्रीनवर जाहिराती जास्त. २०२५ मध्ये आलेल्या '४के सिलेक्ट' मॉडेलमध्ये अँड्रॉइडऐवजी वेगा ओएस आहे. त्यात एपीके फाइल बाहेरून टाकता येत नाही, म्हणून लागणारं अ‍ॅप स्टोअरमध्ये आहे का ते आधी बघा.

गुगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही असलेली स्टिक, उदाहरणार्थ शाओमीची ४के स्टिक : प्ले स्टोअर मिळतं, अँड्रॉइड फोनमधून कास्ट करता येतं, फोनच रिमोट बनतो. बहुतेक तरुणांच्या घरी हाच पर्याय सगळ्यात सोयीचा पडतो.

अ‍ॅपल टीव्ही ४के : वेगवान आणि टिकाऊ, पण महाग. २०२२ चं मॉडेल १४,९०० रुपयांपासून आलं. इथरनेट पोर्ट हवा तर १२८ जीबीचंच घ्यावं लागतं. घरात सगळे आयफोन असतील तरच विचार करा.

टीव्ही मुळातच स्मार्ट असून नीट चालत असेल तर काहीच घेऊ नका. आधी त्याचा अपडेट तपासा, नको ती अ‍ॅप काढा.

जोडल्यावर ही तीन कामं करा

एक, खरेदीसाठी पिन लावा, नाहीतर लहान मुलांच्या हातून सिनेमा भाड्याने घेतला जातो. दोन, सेटिंगमध्ये एचडीएमआय-सीईसी चालू करा, म्हणजे अनेक टीव्हींवर स्टिकच्या रिमोटनेच टीव्हीही चालू-बंद होतो. तीन, आई-बाबांची दोन-तीन अ‍ॅप होम स्क्रीनवर सगळ्यात पुढे आणून ठेवा.

थोडक्यात, क्रम असा ठेवा : प्लॅन, टीव्हीचा पोर्ट, इंटरनेट, घरात आधीच असलेला बॉक्स, सर्टिफिकेट, मग रॅम आणि शेवटी किंमत. मी किंमतीपासून सुरुवात केली आणि १,८०० रुपये घालवले. नंतर २ जीबी रॅमची सर्टिफाइड स्टिक घेतली. टीव्ही तोच ३२ इंची जुना आहे, पण आता आई स्वतः रिमोटवर बोलून मालिका लावते, मला हाक मारत नाही.