शिवडीची शेवरलेट

लालबाग-परळच्या चाळीत माणूस कामाला जातो म्हटलं की तो गिरणीतच जाणार, हे कुणी विचारायचंही नाही. आमचे अण्णा, म्हणजे आईचे वडील, मात्र 'मोटारीत' होते. शिवडीच्या जनरल मोटर्समध्ये. घरात मोटर्समधला शेवटचा 'स' कुणी उच्चारला नाही. जनरल मोटर, बस्स. शेजारचे गिरणीवाले केसांत कापसाचे तंतू घेऊन घरी यायचे, अण्णा ड्युकोचा वास घेऊन. तो वास कपडे पिळले तरी जात नसे, असं आजी सांगायची, आणि सांगताना नाकाला पदर लावायची. तेव्हा अण्णांना ती नोकरी सुटून पंधरा वर्षं झाली होती.

ड्युको हा शब्द गॅरेजवाले अजून वापरतात. १९२०च्या दशकात ड्यूपाँ आणि जनरल मोटर्स यांनी मिळून आणलेला हा झटपट वाळणारा रंग. त्याआधी मोटारीला ब्रशनं थरावर थर चढवायचे आणि ते वाळण्यात दिवसच्या दिवस जायचे. ड्युको फवाऱ्यानं मारला की काम तासांवर आलं, आणि काळ्याशिवाय दुसरे रंगही परवडू लागले. फोर्डची टी मॉडेल काळी, आमची शेवरलेट रंगीत, हे अण्णांचं आवडतं वाक्य. त्यातलं 'आमची' ऐकण्यासारखं असे.

ही 'आमची' शेवरलेट मुंबईला आली १९२८मध्ये. अमेरिकेत आदल्याच वर्षी फोर्डनं टी मॉडेल बंद केलं होतं आणि शेवरलेटनं विक्रीत फोर्डला मागे टाकलं होतं. पैसा होता, उमेद होती. जनरल मोटर्स त्या काळात जगभर जुळणीचे कारखाने टाकत सुटली होती: आधी कोपनहेगन, मग १९२७मध्ये जपानातलं ओसाका आणि जावातलं बटाविया, आणि पाठोपाठ मुंबई. परदेशी मोटारकंपनीनं हिंदुस्थानात टाकलेला हा पहिलाच कारखाना. फोर्डचा कारखाना नंतर आला.

शिवडीच का, याला अण्णांकडे उत्तर होतं: "बंदर जवळ, रेल्वे जवळ, आणि आम्ही जवळ." तिन्ही खरं. माझगाव-शिवडीकडची खाजणं बुजवून पोर्ट ट्रस्टनं मोठी सपाट जमीन तयार केली होती, आणि १९१५पासून गोदीतून वडाळ्यापर्यंत ट्रस्टची स्वतःची मालगाडी धावत होती. पुढे टायरवाली फायरस्टोनसुद्धा शिवडीतच, 'हे बंदर' रोडला आली. पण मुळात गाड्या इथं आणून जोडण्याचं खरं कारण जागेचं नव्हतं, पोकळीचं होतं. तयार मोटार जहाजावर चढवली की निम्मं भाडं तिच्या पोटातल्या हवेचं भरायचं. तीच मोटार सुटी करून लाकडी खोक्यांत दाबून बसवली की एका गाडीच्या जागेत कितीतरी गाड्या येतात. शिवाय तयार गाडीपेक्षा सुट्या भागांवर जकात कमी. हा हिशोब पक्का होता तोवर शिवडी पक्की होती.

पाटीवर अमेरिकन नाव असलं तरी खोकी बहुतेक कॅनडातून यायची. हिंदुस्थानात उजव्या बाजूचं स्टिअरिंग हवं, आणि कॅनडाही साम्राज्यातलाच. म्हणून ओंटॅरिओतल्या ओशावा गावाचा कारखाना हिंदुस्थानला पुरवठा करी. ही खोक्यांची फळकुटं कामगारांच्या घरोघर पोचली. आमच्या आजोळच्या मांडणीची खालची फळी त्यातलीच. तिच्यावर काळ्या शाईत उलटी अक्षरं होती. आईच्या थोरल्या भावानं शाळेत इंग्रजी सुरू झाल्यावर जमिनीवर डोकं टेकवून ती वाचली आणि 'ओशावा' हे देवाचं नाव असावं असं आजीला सांगितलं. आजीनं त्या फळीवर मिठाची बरणी ठेवणं बंद केलं म्हणे. मामा ही गोष्ट रंगवून सांगतो. आई म्हणते, बरणी तिथंच असायची.

काम काय होतं? लांबलचक चासी घोड्यांवर ठेवायची. खालून स्प्रिंगा, आस, चाकं. मग साखळीच्या कप्पीला टांगलेलं इंजिन हळूहळू खाली यायचं, आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ते जागेवर बसवायचं. अण्णा या दोघांतले एक. १९२९पासून शेवरलेटला सहा सिलिंडरचं इंजिन आलं, तेही चार सिलिंडरच्या किमतीत, अशी कंपनीची जाहिरात होती. ते इंजिन इतकं साधं आणि टणक निघालं की त्याचे वंशज पुढे कित्येक वर्षं ट्रकना चालले. अण्णांना त्याचा प्रत्येक बोल्ट हातानं माहीत होता. म्हातारपणी, डोळे अधू झाल्यावरही, ते हवेत बोटं फिरवून कुठला पाना कुठं लागायचा ते दाखवत.

यावर त्यांचे धाकटे भाऊ, आमचे बापू आजोबा, हटकून बोलायचे. ते कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटार कारखान्यात होते. "दादा, तू मोटार बनवली नाहीस. तू ती जोडलीस. पोरगं मेकॅनो जोडतं तशी." अण्णा चिडायचे. "आणि तुमच्या कुर्ल्याला काय, डॉज झाडाला लागायची?"

दोघांच्या या कुरबुरीत त्या काळाचा सगळा वाद होता, हे मला फार उशिरा कळलं. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९३५मध्ये युरोप-अमेरिकेत फिरून मोटारींचे कारखाने पाहून आले आणि देशी मोटारीची योजना त्यांनी मांडली. वालचंद हिराचंदांनी ती उचलून धरली. सोलापूरच्या या माणसाला जहाज, विमान, मोटार, सगळंच इथं हवं होतं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांपैकी डॉजवाली क्रायस्लर तयार झाली, १९४०मध्ये करारही झाला. पण ब्रिटिश सरकारला युद्धाच्या धामधुमीत देशी मोटारीची घाई नव्हती. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी व्हायला १९४४ उजाडलं, कुर्ल्याहून गाडी बाहेर पडायला १९४७. आणि सुरुवातीला तीही जुळणीच होती, त्यामुळे अण्णांचा टोला अगदीच फुकट नव्हता. फरक इतकाच की बापूंच्या मालकाला जुळणीवरून पुढे जायचं होतं, अण्णांच्या मालकाला त्याची गरज वाटत नव्हती. मला विचाराल तर या वादात बापू बरोबर होते. अण्णांसमोर हे म्हणायची माझी कधी हिंमत झाली नाही.

युद्धाच्या गोष्टी मात्र अण्णांच्याच. १९४२च्या सुरुवातीला अमेरिकेत खासगी मोटारी बनवणं थांबलं आणि शिवडीत रंगीत गाड्यांऐवजी मातकट ट्रक उभे राहू लागले. कॅनडानं त्या युद्धात आठ लाखांवर लष्करी वाहनं बनवली. त्यांतली बरीच खोक्यांतून हिंदुस्थानात येऊन इथं जोडली गेली. ब्रिटिश लष्कराला आखूड तोंडाचे ट्रक हवे असत. अण्णा त्यांना 'नकटे' म्हणत. असल्या ट्रकात इंजिन अर्धंअधिक ड्रायव्हरच्या कुशीत. बसवताना हात सोलवटायचे. इकडे पेट्रोलवर नियंत्रण आलं आणि गावाकडच्या सर्व्हिस मोटारींच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. आजी बाळंतपणाला माहेरी गेली ती अशाच एका गाडीतून, घाटात उतरून चालत.

१४ एप्रिल १९४४ला गोदीत फोर्ट स्टिकीन जहाज फुटलं, तेव्हा अण्णा कामावर होते. त्या स्फोटाबद्दल इतकं लिहून झालंय की मी भर घालत नाही. अण्णांनीही ते एकाच वाक्यात आटपलं होतं: "पहिला आवाज झाला, आम्ही दाराशी आलो, दुसरा झाला, आम्ही जमिनीवर होतो."

युद्ध संपल्यावर लष्करानं काढून टाकलेले ट्रक 'डिस्पोजल'मध्ये विकले गेले, आणि त्यांच्यावर लाकडी सांगाडे चढवून लोकांनी प्रवासी गाड्या केल्या. १ जून १९४८ला पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली ती बेडफर्ड. बेडफर्ड म्हणजे इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची, आणि व्हॉक्सहॉल १९२५पासून जनरल मोटर्सच्या मालकीची. सुरुवातीच्या एसटीच्या ताफ्यात शेवरलेटही होत्या. मराठी माणूस या कंपनीच्या मोटारीत बसला तो असा, तिकीट काढून; मालक म्हणून बसणारे थोडे.

मग स्वतंत्र देशानं विचारलं: इथं बनवणार का? १९४९मध्ये तयार गाड्यांची आयात बंद झाली. १९५३मध्ये टॅरिफ कमिशननं सांगितलं की टप्प्याटप्प्यानं इथंच भाग बनवायचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनाच राहू द्यावं. देशभरची मागणी तेव्हा वर्षाला काही हजार गाड्यांची. तेवढ्यासाठी इंजिनाचा ओतकाम-कारखाना आणि पत्रा दाबायची अजस्र यंत्रं आणणं जनरल मोटर्सला परवडणारं वाटलं नाही, फोर्डलाही नाही. १९५४मध्ये शिवडीचं काम थांबलं. सरकारचं चुकलं म्हणणारे आजही आहेत, कारण पुढची तीस वर्षं आपण ॲम्बॅसेडर आणि फियाटच्या रांगेत काढली. पण सव्वीस वर्षं राहूनही इंजिन ओशावाहूनच येत असेल, तर आणखी सव्वीस वर्षांनी ते कुठून आलं असतं, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावा.

शिवडीत शिकलेले हात वाया गेले नाहीत. अण्णा गेले कुर्ल्याला, धाकट्या भावाच्या कारखान्यात; यातली गंमत बापूंनी आयुष्यभर पुरवून वापरली. कुणी गॅरेज काढलं, कुणी गावी जाऊन एसटीच्या डेपोत लागलं.

जनरल मोटर्स परत आली १९९०च्या दशकात, गुजरातेत हालोलला, आणि तीही ॲम्बॅसेडरवाल्या हिंदुस्थान मोटर्सचा हात धरून. म्हणजे ज्या देशी कंपन्यांसाठी १९५३मध्ये कुंपण घातलं, त्यांतल्याच एकीचा. आधी ओपेल, मग २००३मध्ये शेवरलेट हे नाव पुन्हा. २००८मध्ये तळेगावला कारखाना झाला. या वेळी नुसती जुळणी नव्हती, इंजिनंही तिथंच होऊ लागली. अण्णा असते तर बापूंना हे ऐकवल्याशिवाय राहिले नसते. तरी गाड्या खपल्या नाहीत. २०१७च्या अखेरीस देशातली विक्री थांबली, तळेगावहून निर्यात थोडी चालली, आणि डिसेंबर २०२०मध्ये तेही संपलं. एका चिनी कंपनीशी झालेला जागेचा सौदा फिसकटला. जानेवारी २०२४मध्ये तळेगाव ह्युंदाईकडे गेलं. पहिली खेप सव्वीस वर्षांची होती, दुसरीही जवळपास तेवढीच भरली.

तळेगावचा हिशोब कागदोपत्री मिळेल. शिवडीचा तसा मिळत नाही; तिथं काम केलेली पिढी गेली, त्यांची मुलं ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरात कुणी 'मोटारीत' होतं असं म्हणत असतील, तर त्यांना याच महिन्यात गाठा, काय काम करत ते नावानिशी विचारा आणि लिहून काढा. जुना पास, बिल्ला, फोटो सापडला तर रद्दीत घालू नका.