स्टोअरकीपर लोखंडे आणि गिरणीतला रविवार

रविवारी औरंगपुऱ्यात भाजी नाहीतर पुस्तकं घ्यायला गेलात, तर महात्मा फुल्यांच्या पुतळ्याजवळ मिनिटभर थांबा. या सुट्टीचा एक धागा फुल्यांच्याच सहकाऱ्यापर्यंत जातो. त्यांचं नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत स्टोअरकीपर होते. हे पद नीट लक्षात घ्या. स्टोअरकीपर म्हणजे कामगार नाही आणि मालकही नाही. तो मालाचा हिशोब ठेवणारा लिहिता माणूस. तो मालकाच्या बाजूनेच बोलणार, असं सगळे धरून चालतात. लोखंड्यांनी नेमकं उलटं केलं. १८८० पासून ते 'दीनबंधू' पत्र चालवत होते, त्यात गिरणीतले हाल छापून येऊ लागले.

सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरली. पुढे सुमारे साडेपाच हजार सह्यांचं निवेदन गेलं. त्यातल्या मागण्या वाचून बघा: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. मोठे शब्द कुठेच नाहीत. मला तर ही यादी भाषणांपेक्षा जास्त बोलकी वाटते, कारण ती गिरणीच्या आत वावरलेल्या माणसाची आहे.

विरोध फक्त मालकांचा नव्हता. फॅक्टरी कायदा म्हणजे मँचेस्टरचा डाव, असं तेव्हाच्या बऱ्याच राष्ट्रवादी पत्रांचं मत होतं. म्हणजे कामाचे तास कमी करा म्हणणारा देशाच्या उद्योगाचा वैरी ठरायचा! तरी लोखंडे मागे हटले नाहीत.

आता हेच लोखंडे प्रत्येक वेळी बंडखोर होते का? तसंही नाही. फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चे सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त छापून पुढचे त्यांनी थांबवले, आणि फुले नाराज झाले. मला हा प्रसंग लपवावासा वाटत नाही. धाडस कुठे करायचं आणि कुठे आवरायचं, हे ते स्वतः ठरवत होते, चूक असो वा बरोबर.

अभ्यासक एक आक्षेप घेतात: लोखंड्यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला रीतसर सभासद नव्हते, निधी नव्हता, नियमावलीही नव्हती. खरं आहे. मग त्यांचं ऐकत कोण होतं? २४ एप्रिल १८९० च्या मुंबईतल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार आले. त्यात दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, १८९० साली! १० जूनला गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

व्हॉट्सॲपवर फिरतं तसं साऱ्या भारताला रविवार लोखंड्यांनी दिला, हे मात्र ताणलेलं आहे. सरकारी कचेऱ्यांना तो आधीपासून होता. नव्हता तो गिरणीत राबणाऱ्यांना.