शब्दवेध : जीवाश्म

जीव अधिक अश्म, संधी सोपा. संस्कृतात ‘अश्मन्’ म्हणजे दगड. आयुर्वेद मुतखड्याला अश्मरी म्हणतो, अश्मयुग तर शाळेपासून ओळखीचे. इंग्रजीतला ‘फॉसिल’ मात्र लॅटिनमधल्या ‘खणणे’ या क्रियापदावरून आला. पूर्वी जमिनीतून उकरलेली खनिजेही त्यातच मोडत. आपला शब्द आधी जीव असल्याची अट घालतो.

जीवाश्मांचे एक उदाहरण म्हणजे डायनासोरांचे दात. ते आयुष्यभर पडत आणि नवे येत. वरचे इनॅमलही टणक. त्यामुळे सुटे दात पुष्कळ सापडतात आणि आहारही सांगतात. १९८३ साली इंग्लंडच्या सरे परगण्यात सापडलेल्या बॅरिऑनिक्स या डायनासोरचे दात शंकूसारखे, उभ्या रेघांचे, कडांना अगदी बारीक दाते असलेले. मांस कापण्यापेक्षा निसटती शिकार धरायला सोयीचे. त्याच्या पोटाच्या जागी माशांचे खवलेही मिळाले.

आपल्या सोलापुरात असा दात शोधून हाती काही लागणार नाही. इथला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बॅरिऑनिक्स त्याच्या जवळजवळ दुप्पट जुना. महाराष्ट्रात डायनासोरांची हाडे मिळाली आहेत, उदाहरणार्थ चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला.

‘अश्म’चा एक भाऊबंद मात्र सोलापूरकरांच्या रोजच्या बोलण्यात आहे. पारशांच्या अवेस्ता ग्रंथातल्या ‘अस्मन्’चे अर्थ दोन, दगड आणि आकाश, त्याच्याच नात्यातले फारसी आस्मान. पाऊस दडी मारतो तेव्हा शेतकरी ‘अस्मानी’ला बोल लावतो, तोही या दगडाच्याच कुळातला शब्द.