टपालाचा दिंडी दरवाजा

गोष्ट २००८ च्या मे महिन्यातली. मालवणच्या आमच्या घरात आम्ही नुकतेच पाहुणे उतरवू लागलो होतो. मी तारकर्लीला होतो, तेव्हा पुण्याच्या एका कुटुंबाने ई-मेलने दोन खोल्या मागितल्या. मोबाइलवरून लगेच होकार लिहिला, पण तो जाईचना. पडद्यावर आलं : तुमचा पत्ता काळ्या यादीत आहे. रात्री घरी येऊन फोन लावला, तोवर ती मंडळी दुसरीकडे नोंदणी करून मोकळी झाली होती.

आमच्या सर्व्हरनेच आम्हाला अडवलं होतं! असं का व्हावं?

ई-मेल नेण्याआणण्याचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. तेव्हा जाळ्यावर माणसं थोडी. कुठलाही सर्व्हर कुणाचंही पत्र पुढे नेई, ‘तू कोण?’ असं विचारायची सोयच नव्हती. खरं तर गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने १९७८ मध्येच सुमारे ४०० जणांना न मागता जाहिरात पाठवली होती. नव्वदच्या दशकात अशा पत्रांचा लोंढा आला आणि सर्व्हरवाले काळ्या याद्या बघू लागले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पॅमहाउस’ने २००७ मध्ये एक वेगळी यादी काढली. तिच्यात मुख्यतः घरगुती आणि फिरत्या जोडण्यांचे क्रमांक. ते गुन्हेगार नव्हेत. त्यांनी परक्या सर्व्हरकडे थेट टपाल टाकू नये, इतकंच.

मोबाइलला असा क्रमांक तात्पुरता मिळतो. आत्ता माझा, घटकेने तुमचा. आमच्या सर्व्हरवरचा पहारेकरी मात्र ‘कुठल्या होडीतून आलात?’ एवढंच विचारी आणि घरच्या माणसालाही परतवी.

यावरचा उपाय दहा वर्षं जुना होता. डिसेंबर १९९८ मध्ये गेलन्स आणि क्लेन्सिन यांनी सर्व्हर-सर्व्हरमधल्या टपालाला २५ क्रमांकाचं दार ठेवून, घरच्या माणसांसाठी ५८७ क्रमांकाचं वेगळं दार सुचवलं. महादरवाजातली दिंडीच म्हणा. १९९९ मध्ये पासवर्ड विचारायची रीतही ठरली. पासवर्ड पटला की काळी यादी बघायचीच नाही.

दुरुस्ती अर्ध्या तासाची निघाली. संध्याकाळी मालवणच्या जेट्टीवरून मी त्या कुटुंबाला दिलगिरीचं पत्र पाठवलं. ते गेलं. उत्तर मात्र आलं नाही.